नापास आपल्या तोंडात

खंदारे बाईंच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर बहुतेक वेळा एक तपकिरी ठिपका असायचा. सेलूच्या शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मला तो दिसला आणि मी अगदी नम्रपणे म्हणाले, "बाई, तुमच्या चष्म्याला काहीतरी लागलंय." बाईंनी चष्मा काढला, काच उजेडाकडं धरली, करंगळीच्या नखानं ठिपका खरवडला आणि सरळ जिभेवर ठेवला.

"चॉकलेट हाय," त्या म्हणाल्या. "काल ईदची सुट्टी होती ना."

आणि हजेरीबुक काखेत मारून वर्गात निघून गेल्या. ईदचा, चॉकलेटचा आणि खंदारे बाईंचा काय संबंध, हे विचारायला मी त्यांच्या मागं जाणार तेवढ्यात घंटा झाली.

मी सोनपेठची. सेलूत ओळखीचं कुणी नव्हतं. त्याच आठवड्यात बाईंनी मला त्यांच्या घराची वरची खोली दिली. पुढची सहा वर्षं मी तिथं राहिले. पहिली दोन वर्षं त्या नोकरीत होत्या, नंतर निवृत्त झाल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा नागपूरला नोकरीत होता. याहून जास्त चरित्र त्यांनी कधी सांगितलं नाही आणि त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर ते विचारायला सवड मिळायची नाही.

त्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर नव्हतं. शाळेच्या वार्षिक सुट्ट्यांची यादी होती, खळीनं चिकटवलेली. संक्रांत, ईद, जयंती, बुद्ध पौर्णिमा, दिवाळी, नाताळ. प्रत्येक सुट्टीपुढं बाईंच्या गोल अक्षरात एकेक पदार्थ लिहिलेला. संक्रांतीपुढं तिळाची वडी, ईदपुढं खजूर, नाताळपुढं खारी, दिवाळीपुढं बदाम. यातली प्रत्येक गोष्ट चॉकलेटमध्ये बुडवून, डब्यात भरून गल्लीभर वाटायची, हा बाईंचा नेम.

"बाई, तुमच्यात दिवाळी करत न्हाईत ना?" मी एकदा विचारलं.

"न्हाई करत. आमी बौद्ध," बाई म्हणाल्या. "पण सुट्टी तर घेतोच की. सरकारनं सुट्टी सगळ्यांना सारखी दिली, मग तोंड गोड करायला काहून मागं राहायचं?"

निवृत्त झाल्यावरही दर जानेवारीत शाळेत येऊन त्या नव्या यादीची झेरॉक्स घेऊन जायच्या. हेडमास्तर म्हणायचे, "बाई, आता तुम्हाला रोजच सुट्टी." बाई म्हणायच्या, "ती बेकारी. सुट्टी वेगळी."

हे वेड त्यांना नातीमुळं लागलं. नागपूरहून आलेल्या नातीनं फोनवर कुठलीतरी परदेशी बाई स्ट्रॉबेरी चॉकलेटमध्ये बुडवताना दाखवली. बाईंनी तो व्हिडिओ तीन वेळा पाहिला आणि विचारलं, "हिला बोरं बुडवता येतील का?" बोरं काही जमली नाहीत, पण त्यानंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी बाई पॅसेंजरनं परभणीला जायच्या, बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातून चॉकलेटच्या लाद्या आणायच्या. थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून बसायच्या. डब्यात तान्हं बाळ असल्यासारखं.

चॉकलेट करताना बाई पुन्हा वर्गात असल्यासारख्या व्हायच्या. मोठ्या पातेल्यात गरम पाणी, त्यावर कोरडं ठक्क स्टीलचं भगुनं, त्यात किसलेलं चॉकलेट. मी मदतीला बसले की पहिली सूचना ठरलेली. "तोंड बंद, हात सुरू. भगुन्यात पाण्याचा एक थेंब पडला तर चॉकलेट दगड होतं. हसायचं असंल तर अंगणात जायचं." बुडवायला त्यांनी मोडक्या छत्रीची काडी घेतली होती, तिचं टोक गोल वळवून घेतलेलं. त्या गोलावर वडी ठेवायची, बुडवायची, वर घेऊन दोनदा टिचकी मारायची, म्हणजे जास्तीचं गळून जातं. मग वह्यांना घालायच्या प्लास्टिकच्या कव्हरावर वाळत ठेवायची. त्या कव्हरामुळं चॉकलेटला अशी चमक यायची की त्यात खिडकीचे गज दिसायचे.

वाळल्यावर तपासणी. बाई चष्मा पुसून, एकेक वडी उचलून निकाल सांगायच्या. "पास. पास. नापास, ह्याचा पाय उघडा हाय. पास. हे ग्रेस मार्कावर पास." पास झालेले लोकांच्या डब्यात जायचे. "नापास आपल्या तोंडात," बाई म्हणायच्या. मी सुरुवातीला मुद्दाम एक-दोन नापास करायची. बाईंना ते कळायचं. "ज्योती, कॉपी करायलीस तू," त्या म्हणायच्या आणि तरी तो तुकडा मला द्यायच्या.

डबे बाजारातले नसायचे. गल्लीत कुणाकडंही आलेली लग्नपत्रिका शेवटी बाईंकडं यायची. जाड कागद, सोनेरी गणपती, लाल मखमली फूल. बाई तिच्या घड्या घालून छोटा डबा करायच्या आणि वर ज्याला द्यायचा त्याचं नाव चिकटवायच्या. यातून एकदा गंमत झाली. गॅसच्या टाक्या आणणारे एक मामा होते. बाईंनी त्यांना नाताळचा डबा दिला. मामांनी खारी खाल्ली आणि डबा उलगडून वाचला. आतल्या बाजूला "सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे" असं होतं, तारीख होती, मंगल कार्यालय होतं. वर्ष मात्र कापलं गेलं होतं. मामांना वाटलं, बाईंनी घरच्या कार्याला बोलावलं. त्या तारखेला ते बायकोला घेऊन, फेटा बांधून कार्यालयात हजर! तिथं कुणाचं तरी भलतंच लग्न चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी टाकी उतरवताना ते म्हणाले, "बाई, तुमी काय दिसल्या न्हाईत. पोरीचं नाव बी पत्रिकेतलं नव्हतं. पण जेवण लय चांगलं होतं."

बाई अंगणात जाऊन हसल्या. आत भगुनं तापत होतं.

आता समोरच्या अण्णांविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय बाई पूर्ण होत नाहीत.

दत्तराव अण्णा आमच्या समोरच राहायचे. सत्तरी ओलांडलेले, पांढरंशुभ्र धोतर, गावाबाहेर मोठी शेती, घराच्या बाजूला गोठा. बोलायला गोड. रस्त्यात भेटले की "काय मास्तरीणबाई, बरं हाय ना?" अशी विचारपूस करणार. पण खंदारे बाईंच्या घरचा पाण्याचा घोटही त्यांनी कधी घेतला नव्हता. हे कुणी बोलत नसे आणि सगळ्यांना ठाऊक असे.

माझ्या पहिल्या संक्रांतीला मी बाईंबरोबर डबे वाटायला गेले. अण्णा ओसरीवर बसले होते. बाईंनी डबा पुढं केला.

"तिळगूळ घ्या अण्णा. चॉकलेटातला हाय."

"बाई, मला शुगर हाय," अण्णा हात न हलवता म्हणाले. "ठिवा तिथं कट्ट्यावर."

बाईंनी कट्ट्यावर डबा ठेवला. परत येताना मी म्हणाले, "बिचाऱ्यांना शुगर आहे."

"शुगर न्हाई ती," बाई म्हणाल्या. "ती लय जुनी बीमारी हाय."

संध्याकाळपर्यंत डबा कट्ट्यावर दिसत होता. नंतर नाहीसा झाला. गड्याला दिला असेल नाहीतर गुरांपुढं टाकला असेल, असं आम्ही धरून चाललो.

दुसरी कुणी असती तर तिनं तो उंबरा सोडून दिला असता. बाई पेटल्या. दिवाळीला त्यांनी परभणीहून बिनसाखरेचं कडू चॉकलेट आणलं आणि त्यात बदाम बुडवले. "शुगरवाल्यांसाठी खास," असं डब्यावर लिहिलं.

"आज सोमवारचा उपास," अण्णा म्हणाले.

"बदाम उपासाला चालतात."

"चॉकलेट चालत न्हाई."

"कोणत्या पोथीत लिवलंय?"

अण्णांनी थोडा विचार केला. "दात बी दुखायलाय," ते म्हणाले. "ठिवा तिथं."

पुढच्या संक्रांतीला बाईंनी दाताला त्रास नको म्हणून बी काढलेले मऊ खजूर बुडवले. अण्णांना तेव्हा खोकला होता. खोकल्यावर बाईंनी सुंठ-मिऱ्याची गोळी करून ती बुडवली, तर अण्णांना पित्त झालं. असं पाच वर्षं चाललं. बाई सुट्टीच्या यादीपुढं अण्णांचं नवं दुखणं लिहून ठेवायच्या आणि त्यावर इलाज शोधायच्या. दर वेळी उत्तर तेच. "ठिवा तिथं." मला राग यायचा. बाई चिडलेल्या मात्र मी एकदाच पाहिल्या. त्या दिवशी डबा ठेवून परत आल्यावर त्यांनी काडी धुतली, पुसली आणि पुन्हा धुतली.

याच काळातली ती चौदा एप्रिलची गोष्ट. जयंतीला विहारात वंदना झाल्यावर वस्तीतल्या सगळ्या लेकरांना चॉकलेटात बुडवलेली बिस्किटं द्यायची, असं बाईंनी ठरवलं. एप्रिलातलं सेलू. सकाळी नऊला अंगणातली फरशी पायाला चटके देते. मी म्हणाले, "बाई, ह्या उन्हात चॉकलेट?" बाई म्हणाल्या, "बाबासाहेबांची जयंती काय थंडीत ढकलू?"

पहाटेच उठून आम्ही कामाला लागलो. खिडक्यांना ओल्या चादरी, कूलर सुरू, फ्रीजमधले भाजीचे कप्पे रिकामे. सूर्य वर येईपर्यंत चार ताटं बिस्किटं बुडवून फ्रीजमध्ये गेली. सगळी पास. बाई खुशीत येऊन गाणं गुणगुणायला लागल्या, आणि लाईट गेली.

आधी कूलर थांबला. मग चादरी वाळल्या. अकरा वाजता मी फ्रीज उघडला तर बिस्किटांवरचं चॉकलेट घसरून ताटात जमा झालं होतं. बिस्किटं वरून उघडी, खालून चिखलात. मला रडू आलं. बाहेर विहाराकडून वंदनेचा आवाज येत होता. अजून अर्ध्या तासानं लेकरं येणार.

बाई ताटाकडं बघत उभ्या राहिल्या. बोट बुडवून चाटलं.

"चव तर गेलेली न्हाई," त्या म्हणाल्या. "ज्योती, आज आपण न्हाई बुडवायचं. लेकरं बुडवतील."

आम्ही ते सगळं चॉकलेट खरवडून दोन मोठ्या भगुन्यांत ओतलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटांचे होते नव्हते ते सगळे पुडे आणि केळ्यांचा एक घड आणला. विहाराच्या दारात टेबल मांडलं, भगुनी ठेवली. बाई खुर्चीवर उभ्या राहून ओरडल्या, "रांगेत या! आपलं आपण बुडवायचं! ढकलाढकली करील तो नापास!"

जयंती म्हणून लेकरं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आलेली. पाच मिनिटांत एकाचाही कपडा पांढरा राहिला नाही. कोपरापर्यंत हात भरले, नाकं भरली, एका पोरीनं तर केळं बुडवून ते माइकसारखं धरलं आणि भाषण सुरू केलं. आया आधी ओरडल्या, मग त्याही रांगेत आल्या. निळ्या झेंड्यांखाली तपकिरी तोंडांचा तो फोटो अजून माझ्याकडं आहे. बाई त्यात नाहीत. त्या टेबलाखाली सांडलेली बिस्किटं गोळा करत होत्या.

त्यानंतर दर जयंतीला लेकरं सांगायची, "बाई, औंदा पातळच करा हं."

माझ्या शेवटच्या वर्षी दिवाळीच्या आधी बाई गच्चीच्या ओल्या पायरीवरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर गळ्यात अडकवून त्या स्वयंपाकघरात बसल्या आणि यादीपुढं डाव्या हातानं वाकडी फुली मारली. "औंदा सुट्टीलाच सुट्टी," त्या म्हणाल्या. मी एकटीनं करते म्हटलं तर ऐकेनात. माझ्या हातची अर्धी तरी नापास होतात, हे खरंच होतं.

दिवाळी गेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दारात खाकरल्याचा आवाज आला. अण्णा. टोपी हातात घेतलेली.

"बाई, काही चुकलं का आमचं?"

"काहून हो अण्णा?"

"न्हाई, म्हणलं..." अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "डबा आला न्हाई."

बाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. "तुमाला तर शुगर हाय ना अण्णा?"

"हाय की. गोळी घेतो."

"मग आजवरचे डबे?"

"खाल्ले."

"कुणी?"

"मीच. गोठ्यात बसून." अण्णांचा आवाज अगदी खाली गेला. "घरात कुणी बघू ने म्हणून. ते खजुराचं लय भारी झालं होतं. सुंठीचं तेवढं तिखट होतं."

मी तोंडावर हात धरला. बाई हसल्या नाहीत.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "ते वाटून खायला दिलं होतं. चोरून खायला न्हाई."

म्हातारा तिथंच उभा राहिला. जाईल असं मला वाटलं. गेला नाही. शेवटी बाईंनीच गळ्यातलं प्लास्टर दाखवलं.

"माझा हात मोडलाय. खायचं असंल तर तुमालाच करावं लागंल. या आत."

अण्णांनी चप्पल काढली आणि उंबरा ओलांडला. समोरच्या घरात त्यांचं सगळं आयुष्य गेलं, पण या घरात ते पहिल्यांदा येत होते. स्वयंपाकघरात आले, इकडंतिकडं पाहिलं. मी चॉकलेट तापवलं, बदाम काढले. अण्णांनी काडी उचलायला हात पुढं केला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हात धुतल्याबिगर माझ्या चॉकलेटला शिवायचं न्हाई."

तो शब्द खोलीत तसाच राहिला. मी भगुन्याकडं बघत बसले. अण्णांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी नजर हलवली नाही. मग अण्णा हळूच मोरीकडं वळले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, टॉवेलनं कोरडे केले आणि शाळेतल्या पोरासारखे दोन्ही बाजूंनी बाईंना दाखवले.

"पास," बाई म्हणाल्या.

त्यानंतर तासभर अण्णांनी बदाम बुडवले. शेतात उभं आयुष्य काढलेले ते जाड हात, त्यात ती छत्रीची नाजूक काडी. बदाम सारखा निसटून भगुन्यात पडायचा आणि अण्णा "आर्रर्र" करून त्याला शोधायचे. बाई खुर्चीत बसून निकाल देत होत्या. "नापास. नापास. अण्णा, टिचकी हळू मारा, ते बैल न्हाईत. नापास."

"मग ह्याचं काय करायचं?" अण्णांनी नापासांचा ढीग दाखवला.

"नापास आपल्या तोंडात."

सासरे कुठं गेले म्हणून त्यांची सून मंगल शोधत आली, तेव्हा अण्णा पाटावर बसून दोन्ही गाल भरून खात होते. ती दारातच थबकली. "मामंजी?"

अण्णांना पळायला जागा नव्हती. त्यांनी तोंडातलं गिळलं, मूठ पुढं केली आणि म्हणाले, "घे. नापास हाय, पण चांगलं हाय."

मंगलनं घेतलं. तिथंच उभं राहून खाल्लं.

ते दोघं गेल्यावर बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. "पाच वर्षं! मला वाटायचं ढोरं खायलीत!" मग हसू ओसरलं. डाव्या हातानं टेबल पुसत त्या म्हणाल्या, "माझी माय ह्यांच्याच रानात खुरपायला जायची. तहान लागली की ओंजळ धरायची, आन् वरून पाणी ओतायचे. मी पदराला धरून बघायची." त्यांनी एवढंच सांगितलं. पुढं म्हणाल्या, "भगुनं गरम पाण्यानं धू. थंड पाण्यानं निघत न्हाई ते."

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली सोनपेठला झाली, तिथंच लग्नही झालं. बाई फोन करायच्या, अण्णांची प्रगती सांगायच्या. "आता निम्मे पास होतेत. पण मुद्दाम नापास करतो म्हातारा, तुझ्यासारखा."

दोन वर्षांनी, पोळ्याच्या आठवड्यात बाई गेल्या. झोपेतच. मंगलनं फोन केला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं, मागून अण्णा मला समजावं म्हणून मोठमोठ्यानं सांगत होते.

पण माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या बाई त्याआधीच्या, माझ्या मुलीला बघायला एकदा सोनपेठला आल्या तेव्हाच्या. त्या दिवशी आठवडी बाजार होता. मुलीला कडेवर घेऊन बाई सगळा बाजार फिरल्या. एका म्हातारीकडं त्यांना बिब्याची गोडंबी, बीतला तो बदामासारखा गर, दिसली. "ही बुडवायची मी कशी विसरले?" त्या म्हणाल्या आणि कागदाच्या पुडीत बांधून घेतली. स्टँडवर एसटी लागलेलीच होती. मी त्यांना खिडकीची जागा पकडून दिली, खाली उतरले आणि मुलीचा हात धरून टाटा करायला उभी राहिले.

बाईंनी खिडकीशी बसून पुडी सोडली. एक गोडंबी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. हळूहळू चावत राहिल्या. कपाळावर आठी आली, गेली. कंडक्टरनं बेल मारली, गाडी हलली, मी ओरडले, "बाई, फोन करते हं!" मुलगी हात हलवत होती. बाईंना काही ऐकू गेलं नाही. एसटी वळणावर गेली तरी त्या तशाच बसल्या होत्या, डोळे मिटून, जीभ टाळूला लावून, मान एका बाजूला कलती करून.